द्राक्षमळ्यातला मुक्काम ते चिकूची वाइन: पर्यटनाचा पैसा कुणाच्या हाती?

फ्रान्सच्या बोर्डो भागात पर्यटक द्राक्षमळ्यात मुक्काम करतात, वाइन चाखतात, बाटल्या घरी नेतात. अनेक ठिकाणी द्राक्षं पिकवणारा, वाइन बनवणारा आणि पाहुणचार करणारा एकच. म्हणून पैसा मळ्यातच राहतो.

नाशिकमध्ये सुलाने २००५ साली टेस्टिंग रूम सुरू केली, पुढे रिसॉर्टही. पण द्राक्षं बरीचशी करारावरच्या शेतकऱ्यांची.

आता आपल्या पालघरकडे येऊ. बोईसर-तारापूरच्या उत्तरेला, बोर्डीत चिकूची वाइन बनते. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. तरी काढणीनंतर चिकू काही दिवसांतच मऊ पडतो, त्यामुळे भावासाठी थांबता येत नाही. वाइन हा त्यावर एक मार्ग. राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण शेतकऱ्याला वाडीत पाहुणे ठेवायला वाव देतं. या दोन्हींची सांगड बसली, तरच बागायतदार नुसता फळ पुरवणारा राहणार नाही.