चांदीपुरा: नाव नागपूरकडच्या गावाचं, साठ वर्षं झाली तरी लस नाही

२०२४ च्या पावसाळ्यात टीव्हीवर आणि व्हॉट्सॲपवर एक नाव सारखं फिरत होतं, चांदीपुरा. गुजरातमध्ये लहान पोरं दगावत होती, त्यामुळे हा रोग तिकडचाच, असा बऱ्याच जणांचा समज झाला. खरं तर हे नाव नागपूरकडच्या एका गावाचं आहे. १९६५ मध्ये त्या भागात तापाची साथ होती. तेव्हा घेतलेल्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू सापडला आणि त्याला गावाचं नाव मिळालं. हे काम करणारी संस्था म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजेच एनआयव्ही.

साठ वर्षं उलटली. विषाणूचं कूळ कळलं, तो कोणत्या माशीतून येतो हे कळलं, तपासणी करता येऊ लागली. पण आजही या रोगावर लस नाही आणि खास औषधही नाही. असं का झालं आणि तोवर गावाच्या हातात काय आहे, हे दोन्ही समजून घ्यायला हवं.

साधा ताप म्हणून मागे पडला

सुरुवातीला हा विषाणू साध्या तापाचा वाटला. पुढे औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) इथं पकडलेल्या सँडफ्लाय म्हणजे वाळूमाशीतही तो सापडला. तरी बरीच वर्षं त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

२००३ च्या जून ते ऑगस्टमध्ये चित्र पालटलं. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, मुख्यतः आता तेलंगणात असलेल्या करीमनगर, वारंगळ भागात, ३२९ मुलं आजारी पडली आणि त्यातली १८३ दगावली. म्हणजे निम्म्याहून जास्त. त्या वर्षी महाराष्ट्रातही रुग्ण निघाले. २००७ मध्ये नागपूर विभागातच उद्रेक झाला. मग २०२४ ला गुजरात. हा विषाणू रेबीजच्या कुळातला आहे, पण कुत्रा चावल्याने होत नाही. एका माणसापासून दुसऱ्याला झाल्याचंही आढळलेलं नाही. झळ बसते ती मुख्यतः पंधरा वर्षांखालच्या पोरांना.

लस का आली नाही?

जमत नाही म्हणून लस आली नाही, असं म्हणता येणार नाही. जपानी मेंदूज्वराचं उदाहरण घ्या. १९८१ मध्ये कर्नाटकातल्या कोलारच्या रुग्णाकडून मिळालेल्या विषाणूवर काम झालं आणि २०१३ मध्ये देशी लस बाजारात आली. धोका असलेल्या ठरावीक जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची लस सरकारी लसीकरणात दिली जाते. मात्र ती चांदीपुरावर चालत नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावं.

चांदीपुराच्या लसीचा प्रयत्नही एनआयव्हीत झाला. त्याचं काम २०११ मध्ये प्रसिद्ध झालं आणि उंदरांवर निकाल चांगले आले. पण माणसांसाठी लस काही आली नाही. त्यामागचं गणित अवघड नाही. रोग दरवर्षी एका जागी येत नाही. एका गावात एक रुग्ण, दुसरा वीस कोसांवर, मग चार वर्षं काहीच नाही. अशा रोगात लसीची चाचणी घ्यायची कुठं आणि किती मुलांवर, हा पहिला पेच. दुसरं म्हणजे रुग्ण बहुतेक मातीच्या घरातले, गरिबाघरचे. अशा लसीला मोठं गिऱ्हाईक नाही, म्हणून कंपन्या स्वतःहून धावत नाहीत. हे काम सरकारी पैशानेच व्हावं लागेल.

संशोधन अडतं ते तालुक्याच्या पातळीवर

तिसरं कारण प्रयोगशाळेत नसून आपल्या रस्त्यावर आहे. हा रोग फार घाई करतो. सकाळी पोराला ताप, दुपारी उलट्या, संध्याकाळी झटके, मग बेशुद्धी. काही मुलं ताप आल्यापासून दोन-तीन दिवसांतच जातात.

शरीरात रोगाविरुद्धची प्रतिपिंडं तयार व्हायला काही दिवस लागतात. पोरगं त्याआधीच गेलं तर प्रतिपिंडांच्या तपासणीत काही निघत नाही. म्हणून सुरुवातीलाच रक्त आणि पाठीच्या मणक्यातलं पाणी घेऊन आरटी-पीसीआर करावी लागते, आणि नमुना थंड ठेवून वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार १ जून ते १५ ऑगस्ट २०२४ या काळात देशात मेंदूज्वरासारख्या आजाराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ दगावले. त्यात चांदीपुरा पक्का ठरला तो ६४ जणांत. बाकीच्यांना चांदीपुराच होता असं नाही, मेंदूज्वराची कारणं बरीच असतात. पण नमुना उशिरा गेला किंवा गेलाच नाही, तर त्या मुलाला नेमकं काय झालं हे कधीच कळत नाही. कागदावर 'ताप, झटके' एवढंच उरतं. मग त्या गावात फवारणी कशासाठी करायची, यालाही आधार राहत नाही आणि संशोधकांच्या हिशेबातही ते पोर धरलं जात नाही.

२००३ मध्ये निम्म्याहून जास्त मुलं गेली, २०२४ मध्ये तिसरा हिस्सा. दोन्ही वेळची मोजणी वेगळी असल्याने औषधोपचार सुधारले असा थेट अर्थ काढता येत नाही. मात्र एवढं नक्की की लवकर दवाखान्यात पोहोचलेल्या मुलाला जगण्याची संधी जास्त असते. खास औषध नसलं तरी झटके थांबवणं, मेंदूची सूज उतरवणं, श्वास आणि साखर सांभाळणं हे डॉक्टरांच्या हातात असतं.

गावाने काय पाहायचं

वाळूमाशी डासापेक्षाही बारीक, दोन-तीन मिलिमीटरची. तिला उंच उडता येत नाही, ती टुणटुण उड्या मारत जाते. मातीच्या भिंतीच्या भेगा, गोठ्यातली ओल, शेणकचरा ही तिची घरं. संध्याकाळी आणि रात्री चावते. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आत शिरते, म्हणून औषध लावलेली मच्छरदाणी बरी.

गोठा घरापासून लांब न्या, असं सांगणं सोपं आहे. पण गावठाणात जागा नसते आणि रात्री जनावरावर लक्षही ठेवावं लागतं. त्यामुळे गोठा घराला खेटूनच राहणार, हे धरून चालावं लागेल. निदान पावसाआधी भिंतीच्या भेगा लिंपणं, उकिरडा दारापासून हटवणं आणि पोरांना गोठ्यालगत जमिनीवर न झोपवणं एवढं होऊ शकतं. फवारणीवाला आला तर भांडी, धान्य झाकून त्याला आत येऊ द्यावं. नुसत्या अंगणात आणि गटारीवर मारून वाळूमाशी जात नाही. ती भिंतीत असते.

तापात पोराला झटका आला तर त्याला एका कुशीवर झोपवा, तोंडात पाणी, चमचा, काहीही घालू नका. बाहेरची बाधा म्हणून अंगारा-धुपाऱ्यात रात्र घालवली तर ती परत मिळत नाही. १०८ ला फोन करा. ती गाडी फुकट आहे.

आणि ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. गावात भिंतीवरची फवारणी कधी होणार? झटके आलेलं पोर आलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्याला नेमकं कुठं पाठवणार, तिथं मुलांचं आयसीयू आहे का? आणि त्याचा नमुना घेऊन पाठवायची जबाबदारी कुणाची? गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्या नोंदवहीत या तिन्ही उत्तरांखाली सही घ्यावी.

लस पुण्यात किंवा दिल्लीत ठरेल आणि तिला वेळ लागेल. वरचे तीन प्रश्न मात्र गावातच सुटू शकतात, आणि तेही पहिला पाऊस पडायच्या आत.