पॉइंट येतात कुठून?

मागच्या वर्षी ऑफिसच्या टीटी स्पर्धेत सेमीफायनलला हरलो. समोर होते अकाउंट्समधले काका. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली, हातात कडांचे टवके उडालेली बॅट. घरी येताना मी निष्कर्ष काढला, दोष बॅटचा! बोनस झाल्या झाल्या कार्बनचं ब्लेड घेतलं. (बायकोला किंमत निम्मी सांगितली.)

ब्लेड म्हणजे रबराखालची लाकडी फळी आणि मूठ. कार्बनचं म्हटलं तरी नियमाने तिच्या जाडीत किमान 85 टक्के लाकूडच लागतं. कार्बन असतो तो थरांच्या मध्ये, कागदासारखा पातळ. पण तेवढ्याने चेंडू असा सुटतो की बस्स! माझा तर महिनाभर टेबलाबाहेरच सुटत होता.

शेवटी क्लबातल्या सरांना गाठलं. त्यांनी ब्लेडकडे बघितलंही नाही. विचारलं, ‘‘तुझे पॉइंट येतात कुठून?’’ मी ऐटीत म्हणालो, ‘‘स्मॅश!’’ ते म्हणाले, ‘‘मोबाइलवर एक मॅच शूट कर आणि मोज.’’

मोजले. जिंकलेल्या 40 पॉइंटपैकी स्मॅशचे फक्त 6. बाकी बहुतेक ब्लॉक आणि पुश करत राहिलो, समोरच्याने चूक केली, म्हणून मिळालेले. म्हणजे मी स्वतःला समजत होतो तोफ, आणि निघालो भिंत!

तुम्हीही आधी मोजा, मग दुकानात जा. टॉपस्पिन आवडतो, पण स्ट्रोक अजून बसलेला नाही? पाच थरांचं, नुसत्या लाकडाचं ब्लेड घ्या. ते किंचित लवचीक असतं, चेंडू क्षणभर जास्त रेंगाळतो, हाताला कळतो. स्टिगाचं ऑलराउंड क्लासिक याच जातीचं. टेबलाला चिकटून ब्लॉक आणि फटके मारता? मग सात थरांचं बघा, ते जास्त कडक. टेबलापासून लांब जाऊन चॉप करत बचाव करता? संथ, थोडं रुंद पात्याचं बरं. आणि कार्बन त्यांच्यासाठी, ज्यांचा स्ट्रोक रोज तसाच पडतो. बॅटचा कोन जरा चुकला, तर ते ती चूकही तितक्याच वेगाने पलीकडे पोचवतं.

वजन 85 ते 90 ग्रॅमच्या आसपास ठीक. दोन्ही रबरं लावली की ते जवळपास दुप्पट होतं, हे मनगटाला विचारून घ्या. मूठ खाली पसरट असेल तर हातातून सटकत नाही. सरळ असेल तर पकड बदलणं सोपं जातं. आणि हो, रबर झिजतं, बदलावं लागतं. ब्लेड मात्र वर्षानुवर्षं साथ देतं. म्हणून घाई नको.

मी पाच थरांचं घेतलं. यंदा पुन्हा काकाच समोर आले. पुन्हा हरलो, पण पाचव्या गेममध्ये, 11-9 ने. मॅचनंतर त्यांची बॅट मागून निरखली. पाच थर. कॉलेजपासूनची!

कार्बनचं ब्लेड कपाटात पडून आहे. कुणाला हवं असल्यास जरूर कळवा. फक्त खऱ्या किमतीची चौकशी बायकोसमोर नको!