कात्री कोणाच्या हाती?

अनुबोधपट पाहताना प्रेक्षक सहसा सावध नसतो. पडद्यावरची माणसे खरी, सामने खरे, अश्रूही खरे. तेव्हा त्यांतून उभी राहणारी कथाही खरीच असणार, असे तो गृहीत धरतो. वस्तुतः एकही दृश्य खोटे नसताना समग्र चित्र एकांगी होऊ शकते. संकलकाने काय ठेवले, याइतकेच काय गाळले, यावर ते अवलंबून असते.

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत प्रदर्शित झालेला ‘द लास्ट डान्स’ हा दहा भागांचा अनुबोधपट याचे ठळक उदाहरण होय. शिकागो बुल्स या अमेरिकन बास्केटबॉल संघाने १९९१ ते १९९८ या काळात सहा अजिंक्यपदे मिळविली. त्यांतील अखेरच्या मोसमाची ही कहाणी. १९९७-९८ च्या त्या मोसमात एनबीए या व्यावसायिक संघटनेच्या चित्रण-पथकाला संघात मुक्त प्रवेश होता. अट एकच होती : मायकेल जॉर्डनच्या संमतीवाचून या चित्रफिती वापरावयाच्या नाहीत. जवळजवळ दोन दशके त्या पडून राहिल्या. पुढे संमती मिळाली, तेव्हा जॉर्डनची स्वतःची कंपनीही निर्मितीत सहभागी झाली.

दुर्मिळ कच्च्या मालावर ज्याची मक्तेदारी, तोच तयार मालाच्या अटी ठरवितो, हा बाजाराचा नियम. येथे दृश्य कापण्याचा हुकूम सोडण्याचीही गरज नसते. ज्याच्या नकाराने सारा प्रकल्पच थांबेल, त्याला काय रुचणार नाही, हे न सांगताही कळते.

परिणाम पाहा. इतरांची विधाने जॉर्डनला पडद्यावर दाखविली जातात. तो हसतो, ती खोडून काढतो आणि प्रसंग संपतो. संघाचे व्यवस्थापक जेरी क्राऊस खलनायक ठरतात. स्कॉटी पिपेनला १९८७ मध्ये संघात आणणारे आणि १९८९ मध्ये फिल जॅक्सन यांच्याकडे प्रशिक्षकपद सोपविणारे हेच गृहस्थ. परंतु ते २०१७ मध्येच निवर्तले होते. उत्तर देणार कोण? अखेरच्या तिन्ही अजिंक्यपदांतील प्रमुख खेळाडू ल्यूक लाँगली याची तर मुलाखतच नाही.

पिपेनची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९९७-९८ मध्ये जॉर्डनचे वेतन सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलर होते, पिपेनचे ३० लाखांहूनही कमी. ही तफावत अनुबोधपट लपवीत नाही. तथापि पिपेनने शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली, म्हणून त्याला स्वार्थी ठरविण्याची संधी मात्र दहापट वेतन घेणाऱ्यालाच मिळते. आपल्याला व इतर सहकाऱ्यांना दुय्यम स्थान दिले गेले, ही तक्रार पिपेनने २०२१ मधील आत्मकथनात नोंदविली.

जॉर्डनचा जुगार आणि सहकाऱ्यांवरील त्याची दमदाटीही यात दाखविली आहे, असा प्रतिवाद होईल. तो खरा आहे. परंतु हे दोषही अखेर विजयाच्या ध्यासाची किंमत म्हणूनच मांडले जातात. नायकाची उंची त्यामुळे वाढते.

हा प्रश्न एका खेळाडूपुरता नाही. २०१८ च्या केपटाऊनमधील चेंडू-प्रकरणाने बदनाम झालेल्या ऑस्ट्रेलियन क्रिकेट संघावरील ‘द टेस्ट’ ही मालिकाही २०२० मध्ये तेथील क्रिकेट मंडळाच्या सहकार्यानेच आली. ते सामने न पाहिलेल्या तरुण पिढीला असे अनुबोधपटच इतिहास वाटणार. म्हणून प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारावेत : चित्रफिती कोणाच्या मालकीच्या होत्या, पैसा कोणाचा होता, आणि कोणाला बोलण्याची संधीच मिळाली नाही? यांतील तिसऱ्याचे उत्तर पडद्यावर कधीच मिळत नाही. ते आपल्यालाच अन्यत्र शोधावे लागते.