पाकिटावरचे नाव

लग्नपत्रिकेच्या पाकिटावर सोनेरी स्टिकर चिकटविले की ते देखणे होते, हा समज तपासून पाहायला हवा. बोरूने कित्ता गिरविलेला हात, काळी शाई, डावीकडे मोकळा समास आणि कोपऱ्यात हळदीकुंकवाचे बोट एवढ्या किरकोळ खर्चात पाकीट शोभून दिसते. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात एकाच गावी पाडवी, वळवी, वसावे यांची अनेक घरे असतात. तेथे पाड्याचे नाव आणि १९७२ साली सुरू झालेला सहा अंकी पिनकोड सुवाच्य लिहिणे, हाही सौंदर्याचाच भाग. पण 'श्री. व सौ.' लिहिताना त्या 'सौ.'ला स्वतःचे नाव का नसावे? त्याला थेंबभर शाई पुरते. आमंत्रण दोघांना असेल, तर पाकिटावर नावेही दोघांची हवीत.