वाढीव बळाची पूर्वतयारी

आपल्या अंगी अधिक बळ असावे असे कोणास वाटत नाही? आखाड्यातील मल्लास वाटते, बाजारात बैलजोडी पारखणाऱ्या शेतकऱ्यास वाटते, आणि हल्ली मोटारगाडीच्या मालकासही आपल्या एंजिनाविषयी तसेच वाटते. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ‘टर्बो’ हा शब्द वारंवार येऊ लागला आहे. ज्या गाडीस कारखान्याने टर्बो दिलेला नाही तिला तो बाहेरून बसवून घ्यावा, म्हणजे ती दीडपट जोराने धावेल, अशी त्यांची समजूत दिसते. या समजुतीत तथ्य किती आणि भ्रम किती, याचा शांतपणे विचार व्हावा म्हणून हा लेख. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. टर्बो ही वस्तू उत्तम आहे. परंतु ती सर्व सिद्धता झाल्यावर, शेवटी बसवावयाची वस्तू आहे.

हा विषय बदनापूरकरांस दूरचा आहे असे कोणी समजू नये. आपल्या गावावरून जाणाऱ्या जालना रस्त्याने छत्रपती संभाजीनगराकडे निघाले की वाटेत शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. तेथील स्कोडाच्या कारखान्यात 2001 पासून ऑक्टाव्हिया ही गाडी जुळवली जाऊ लागली. पुढे 2004 मध्ये तिची आरएस नावाची आवृत्ती भारतीय बाजारात आली. तिच्यातील 1.8 लिटरचे पेट्रोल एंजिन टर्बोच्या साहाय्याने 150 अश्वशक्ती देत असे. दुसरीकडे, आपल्या तालुक्यातूनच समृद्धी महामार्ग गेला आहे. 701 किलोमीटरांचा हा मार्ग जून 2025 मध्ये पूर्णपणे खुला झाला, आणि त्यावर मोटारींस ताशी 120 किलोमीटर वेगाची मुभा आहे. गाडीही जवळ आणि मोकळा रस्ताही जवळ. मग तरुण मनास मोह पडला तर नवल काय?

प्रथम टर्बोचे कार्य समजून घेऊ. एंजिन हे हवा आणि इंधन खाऊन जगते. एक भाग पेट्रोल नीट जळण्यास वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. साध्या एंजिनात दट्ट्या खाली उतरतो, पोकळी निर्माण होते, आणि बाहेरची हवा आपल्याच भाराने आत शिरते. ती जितकी शिरेल तितकेच इंधन जाळता येते. म्हणून जोरासही तितकीच मर्यादा पडते. टर्बोमध्ये एकाच दांड्यावर दोन चक्रे असतात. सायलेन्सरकडे जाणारा तप्त धूर एका चक्रास फिरवितो. त्यासरशी दुसरे चक्र फिरते आणि बाहेरची हवा दाबून एंजिनात भरते. या चक्रांचे फेरे मिनिटास एक लाखाच्याही वर जातात. जो धूर वाया जावयाचा त्याच्याकडूनच काम करून घेणे, ही काटकसर खरोखर वाखाणण्यासारखी आहे.

ही कल्पना नवी नव्हे. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी 1905 मध्येच तिचे एकस्व घेतले होते. 1918 मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे एक एंजिन पाइक्स शिखरावर, सुमारे 14,000 फुटांवर नेले. तेथील विरळ हवेत साधे एंजिन धापा टाकते. परंतु टर्बो लावताच त्याने समुद्रसपाटीवरचा आपला जोर परत मिळविला. विरळ हवेची उणीव भरून काढणे हे टर्बोचे आरंभीचे मोठे काम होते, हे ध्यानात ठेवावे. उणीव भरणे निराळे आणि पुरेशा हवेवर आणखी हवा कोंबणे निराळे. खरा प्रश्न दुसऱ्या प्रकारात उद्भवतो.

सायकलचा पंप वेगाने मारला की त्याचे नळकांडे हातास गरम लागते, हे प्रत्येक मुलाने अनुभवले आहे. हवा दाबली की ती तापते. आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाहेरची हवा 40 अंशांवर असते. ती टर्बोने दीडपट दाबली म्हणजे तिचे तपमान 90 अंशांच्या पुढे जाते. अशी तापलेली हवा पुन्हा दट्ट्याखाली दाबली गेली की ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता मिश्रणाचा काही भाग आपोआप भडकतो. कारागीर त्यास ‘नॉकिंग’ म्हणतात. आतून हातोडी मारल्यासारखा आवाज येतो, आणि तो आवाज चालू राहू दिला तर दट्ट्यास भोक पडण्यापर्यंत मजल जाते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. टर्बोवाचून चालणारे शर्यती बाण्याचे एंजिन जितके उत्तम, तितके ते बाहेरून लावलेल्या टर्बोस कमी सोसणारे असते. कारण ते आपला जोर दोन मार्गांनी मिळविते : मिश्रण फार दाबून आणि फेरे फार वाढवून. होंडाने 1999 मध्ये काढलेल्या एस-2000 या गाडीचे उदाहरण घ्या. जपानी बाजारासाठी केलेल्या तिच्या 2 लिटरच्या एंजिनात मिश्रण 11.7 पट दाबले जाई, फेऱ्यांची मर्यादा मिनिटास 9,000 होती, आणि टर्बोवाचून ते 250 अश्वशक्ती देई. एवढ्या कसलेल्या एंजिनावर दाबलेल्या हवेचा भार घालावयाचा तर आधी त्याचे अंतरंगच बदलावे लागते. आपल्याकडे 1998 मध्ये गोव्यात सॅन स्टॉर्म ही दोन आसनांची देखणी गाडी तयार झाली. तिच्यात रेनोचे लहान, विनाटर्बो एंजिन होते आणि त्याची शक्ती 60 अश्वशक्तींच्या आसपास होती. अशी गाडी पाहून ‘रूप आहे, पण जोर नाही’ असे कोणासही वाटावे. मोह उपजतो तो येथेच.

या मोहास दोन मोठ्या कंपन्यांनी निरनिराळी उत्तरे दिली. अमेरिकेच्या ओल्ड्समोबिल कंपनीने 1962 मध्ये जेटफायर ही टर्बोची गाडी विकावयास काढली. तिने मिश्रण दाबण्याचे प्रमाण 10.25 इतके चढेच ठेवले, आणि नॉकिंग टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे द्रव मिश्रण एंजिनात फवारण्याची योजना केली. त्याची टाकी मालकाने वेळोवेळी भरावयाची होती. पुष्कळांनी ती भरली नाही. तक्रारी वाढल्या, गाडीचे उत्पादन 1963 मध्ये थांबले, आणि पुढे कित्येक गाड्यांवरून टर्बो उतरवून साधा कार्ब्युरेटर बसविण्यात आला. जर्मनीच्या पोर्शे कंपनीने दुसरी वाट धरली. 1975 च्या 911 टर्बोमध्ये तिने हे प्रमाण 6.5 पर्यंत खाली आणले, चाके रुंद केली, गिअरबॉक्स भक्कम केला, आणि मग 260 अश्वशक्ती घेतली. 1978 मध्ये शक्ती 300 वर नेताना तिने दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर जोडला आणि ब्रेक बसविले ते आपल्या शर्यतीच्या 917 या गाडीच्या धर्तीचे. एवढे करूनही ती गाडी बेसावध चालकास कठीण जाई, अशीच तिची ख्याती राहिली.

महाराष्ट्रातही असेच उदाहरण आहे. टाटा मोटर्सने अल्ट्रोझ ही गाडी प्रथम 1.2 लिटरच्या साध्या पेट्रोल एंजिनासह विकली. तिची शक्ती 86 अश्वशक्ती होती. 2021 च्या जानेवारीत त्याच आकाराच्या टर्बो एंजिनासह ती 110 अश्वशक्तींची झाली. कागदावर केवळ 24 अश्वशक्तींची ही वाढ. परंतु अशा वाढीसाठी कारखान्यात अभियंते एंजिन चाचणीच्या मंचावर तासन्‌तास चालवितात. दट्ट्या, तेलाचा पुरवठा, पाण्याची थंडाई, इंधनाचे माप आणि ठिणगीची वेळ यांचा एकमेकांशी मेळ घालतात. रस्त्याकडेच्या दुकानात दोन दिवसांत टर्बो जोडून देणाऱ्याजवळ हा मेळ घालण्याची साधने असतात काय, हे ग्राहकाने विचारावयास नको काय?

एंजिनाबाहेरचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. वाढीव जोर क्लचवर येतो, गिअरवर येतो, टायरवर येतो. आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत अधिक, तो ब्रेकवर येतो. नववीच्या विद्यार्थ्यासही ठाऊक आहे की गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी 80 किलोमीटरांवरून 120 वर गेले म्हणजे वेग दीडपट झाला, पण ऊर्जा सव्वादोनपट झाली; आणि ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतरही सव्वादोनपट झाले. गाडीस बळ देणाऱ्याने ब्रेक जुनेच ठेवले, तर त्याने गाडी सुधारली नाही, बिघडविली, असेच आम्ही म्हणू.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमान्वये, नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. निराळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त संच बसविणे यासारख्या गोष्टींस मुभा आहे. पण तीही ठरलेल्या रीतीने. 2019 च्या दुरुस्तीनंतर अनधिकृत फेरफारास प्रत्येकी 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विमा कंपनीस न कळविता केलेला बदल नुकसानभरपाईच्या आड येऊ शकतो, हे तर पालकांनी विशेष ध्यानी घ्यावे. कारण गाडी बहुधा त्यांच्याच नावावर असते आणि हप्तेही तेच फेडतात.

यावर एखादा चतुर विद्यार्थी म्हणेल, “परदेशात लोक घरच्या शेडमध्ये टर्बो बसवितात, त्यांचे कोठे बिघडते?” त्याचे म्हणणे अगदीच निराधार नाही. दाब बेताचा ठेवला, इंधन व ठिणगी यांचे माप नीट बसविले, तर पुष्कळ एंजिने ते सोसतात. परंतु असे काम यशस्वी करणारे लोक काय करतात ते पाहावे. ते एंजिन उघडून त्याची प्रकृती तपासतात, दट्ट्या व दांडे बदलतात, इंटरकूलर व मोठे ब्रेक बसवितात, आणि वेगाची हौस शर्यतीच्या बंद मार्गावर फेडतात. त्यांच्या खर्चाच्या यादीत टर्बो ही एकच ओळ असते. आपल्याकडील तरुण मात्र ती एकच ओळ वाचतो आणि बाकीचे पान उलटून टाकतो. आमची तक्रार टर्बोविषयी नाही, या अर्ध्या वाचनाविषयी आहे.

आपल्या गावचे कृषी संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी नावाजलेले आहे. तेथे नवा वाण सिद्ध करताना केवळ उतारा पाहत नाहीत. तो मर रोगास तोंड देईल काय, आपल्या जमिनीत व आपल्या पावसात टिकेल काय, हेही वर्षानुवर्षे पारखतात. मगच ते बी शेतकऱ्याच्या हाती देतात. कोरड्या रानात खताची पोती रिकामी करून पीक वाढत नाही, ते करपते, हे येथील प्रत्येक शेतकऱ्याच्या मुलास ठाऊक आहे. जो नियम रानास लागू, तोच एंजिनास लागू.

पालकांस आमची विनंती अशी की, मुलाने टर्बोचा हट्ट धरला तर नुसते “नाही” म्हणून विषय मिटवू नये. त्यास चार प्रश्न विचारावे : हवा थंड कशी करणार? नॉकिंग कसे टाळणार? गाडी थांबविणार कशाने? परिवहन कार्यालयाची अनुमती कोठे आहे? ज्या मुलास या प्रश्नांची उत्तरे शोधावीशी वाटतील त्याच्यात उद्याचा अभियंता आहे असे समजावे, आणि त्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची किंवा तंत्रनिकेतनाची वाट दाखवावी. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वतः बनविलेल्या गाड्या घेऊन बाहा आणि फॉर्म्युला भारत यांसारख्या स्पर्धांत उतरतात. तेथे गाडीस धावू देण्यापूर्वी परीक्षक तिचे ब्रेक तपासतात. ब्रेकच्या परीक्षेत जी उतरत नाही ती शर्यतीत उतरत नाही. हा क्रम आमच्या विद्यार्थ्यांनी मनावर बिंबवून घ्यावा. आधी थांबण्याची शक्ती, मग सोसण्याची शक्ती, आणि त्यानंतरच धावण्याची.