बिडाचा तडा

मागें एकदां आम्ही वडिलांच्या वेळच्या मोटारींतून सहकुटुंब मुंबईहून पुण्यास निघालों होतों. खंडाळ्याचा घाट चढतांना धाकट्या नातवास मळमळूं लागलें. सूनबाईंचेंही डोकें ठणकूं लागलें. घाट लागला असेल, असें म्हणून आम्ही आवळासुपारी पुढें केली. परंतु घाट मागें पडून उर्से येथील टोलनाका आला, तरी दोघांस उतार पडेना. नाक्याच्या रांगेंत इंजिनाची टक्-टक् ऐकूं आली. पुढें गाडी बाजूस घेऊन सर्वजण मोकळ्या हवेंत बसलों, तेव्हां कोठें त्यांस बरें वाटलें.

मिस्त्रींनीं बॉनेट उघडून दोष दाखविला. सिलिंडरांतील जळका वायु गोळा करून सायलेन्सरकडे नेणारें बिडाचें मॅनिफोल्ड तडकलें होतें. तें रोज तापून फुगतें व निवतांना आकसतें. बोल्ट कमीजास्त आवळलेले असल्यास सारा ताण एकाच जागीं येतो. बीड कठीण खरें, पण लवचीक नव्हे. तापलेला बिडाचा तवा थंड पाण्याखालीं धरल्यास काय होतें, हें गृहिणींस सांगावयास नको!

त्या चिरेंतून निसटणाऱ्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां सुमारें २०० पट घट्ट बिलगतो. प्रथम डोकेंदुखी व मळमळ, मग गुंगी, आणि शेवटीं प्राणावर बेततें.

इतक्या जुन्या गाडीचा नवा भाग मिळेना. पितळेची डाक तेथील उष्णतेंत टिकत नाहीं, म्हणून मिस्त्रींनीं ती नाकारली. चिरेच्या दोन्ही टोकांस बारीक भोकें पाडून त्यांनीं तिची वाढ रोखली, चीर खोल कोरली, सारा भाग सावकाश तापवून निकेलच्या कांडीनें वेल्डिंग केलें व राखेंत पुरून रात्रभर निवूं दिला. नंतर इंजिनास टेकणारी बाजू सपाट करून, नवें गास्केट घालून, बोल्ट मधून कडेकडे आवळीत नेले.

वाचकांस एवढेंच सांगणें, कीं गार इंजिनावर मोठी असणारी व तें तापल्यावर मंदावणारी टक्-टक् दुर्लक्षूं नये. गाडींत एकाहून अधिक माणसांचें डोकें एकदम दुखूं लागल्यास काचा उघडाव्या, गाडी थांबवून सर्वांनीं खालीं उतरावें आणि त्रास न शमल्यास डॉक्टरांकडे जावें. घाटास दोष मागाहून देतां येईल.