बहिणी तीन, पण शेत कोणाचे?

पर्यावरणवादी समीक्षेची चर्चा निघाली की हल्ली 'तीन बहिणीं'चा दाखला हटकून येतो. उत्तर अमेरिकेतील हौदेनोशौनी लोक (वसाहतकारांनी त्यांना 'इरोक्वा' म्हटले) मका, घेवडा आणि भोपळा मातीच्या एकाच उंचवट्यावर लावतात. मका घेवड्याला आधार देतो, घेवडा मातीला नत्र देतो, भोपळ्याची रुंद पाने ओल राखतात आणि तण दाबतात. एवढे सांगितले की आपले समीक्षक निष्कर्ष काढून मोकळे होतात: निसर्ग सहजीवन शिकवतो, माणसाने ते शिकावे.

रॉबिन वॉल किमरर यांच्या 'ब्रेडिंग स्वीटग्रास' (२०१३) या पुस्तकाने हा दाखला दूरवर पोचवला. किमरर स्वतः पोटावाटोमी आहेत, वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत. आमचा आक्षेप त्यांच्यावर नाही. त्यांच्याकडून नेमके रूपक तेवढे उचलून माती तिथेच टाकून येणाऱ्यांवर आहे.

मुळात या बहिणी आपोआप गुण्यागोविंदाने नांदत नाहीत. मक्याने पुरेशी उंची धरण्याआधी घेवडा पेरला, तर त्याचा वेल कोवळ्या ताटाला खाली ओढतो. आधी कोण, नंतर कोण, हे निसर्गाने नव्हे तर शेत कसणाऱ्या बायकांनी ठरवले. नत्राचेही तसेच. मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंच्या मदतीने मिळवलेले बहुतेक नत्र घेवडा आधी स्वतःच वापरतो. मुळे आणि पाला मातीत कुजला की त्याचा लाभ पुढच्या पिकाला होतो. म्हणजे देवघेव आहे, पण ती उधारीची आहे. पुढच्या वर्षी तीच माणसे त्याच जमिनीवर असतील, तरच ती त्यांच्या पदरात पडते.

नेमके तेच हिरावले गेले. १७७९ साली जॉर्ज वॉशिंग्टनच्या आदेशावरून जनरल सलिव्हनच्या फौजेने हौदेनोशौनींची चाळीसहून अधिक गावे जाळली, उभा मका कापला, फळबागा तोडल्या. त्या समाजात वंश आईकडून चालतो. शेत आणि धान्य बायकांच्या ताब्यात असे, आणि कुळाचा प्रमुख निवडण्याचा व काढण्याचा अधिकार कुळमातांचा. फौजेला रूपकाशी कर्तव्य नव्हते. पण शेत मोडले की समाज मोडतो, हे तिला आपल्या समीक्षकांपेक्षा अधिक चांगले कळले होते.

म्हणूनच 'तीन बहिणी'मधून जमीन, श्रम आणि सत्ता वगळून उरणारा सहजीवनाचा संदेश आम्हांला निरुपद्रवी वाटत नाही. ज्यांची शेते गेली, त्यांच्याच शेताचा सुविचार करून तो भिंतीवर टांगणे ही दुसरी लूट आहे.

परस्परतेसाठी आपल्या शेतकऱ्याकडे 'सावड' हा नेमका शब्द आहे. आज तू माझ्या शेतावर, उद्या मी तुझ्या. सावडीत फेड गृहीत असते. कौतुकाने ती फिटत नाही. हौदेनोशौनींकडून रूपक घेताना आपण काय फेडतो? निदान वर्गात त्यांचे नाव घ्यावे, त्या बायकांचे श्रम सांगावेत, १७७९ हे साल सांगावे. एवढेही जमत नसेल, तर मक्याला मका म्हणावे आणि बहिणींचे नाते सांगू नये.